चाकणची ट्रायम्फ, न्यूरेंबर्गचे शेठ

प्रश्न : आमचा पुतण्या चाकणला कामाला आहे. तिथे बजाजच्या कारखान्यात ट्रायम्फ मोटरसायकली तयार होतात. पुतण्या म्हणतो, ट्रायम्फ ही अस्सल इंग्रजी कंपनी. त्याचा मित्र म्हणतो, ती एका जर्मन माणसाने काढली. दोघांची पैज लागली आहे. खरं काय? आणि काढणारा कोणीही असो, तो मोठा इंजिनिअर असणार ना?
— एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : पैज मित्राने जिंकली, पण पुतण्याने सगळे पैसे देऊ नयेत. ट्रायम्फचे संस्थापक सिगफ्रीड बेटमन हे जन्माने जर्मन. कंपनी मात्र त्यांनी इंग्लंडात काढली, इंग्रज कामगारांच्या हातांनी चालवली आणि स्वतःही रीतसर ब्रिटिश नागरिक झाले. तेव्हा निम्मे-निम्मे करून चहा प्यावा हे बरं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नाही, बेटमन इंजिनिअर नव्हते. मोटरसायकल कंपन्यांच्या जन्मकथा बहुतेक एकाच साच्यातल्या असतात : परसातली लाकडी शेड, काळे हात, दोन-तीन जिगरी दोस्त. मिलवॉकीच्या हार्ली आणि डेव्हिडसन बंधूंची गोष्ट तशीच आहे. बेटमन यांच्या गोष्टीत शेड नाहीच, पेढी आहे. वही, पत्रव्यवहार आणि कमिशन यांतून उभी राहिलेली ही कंपनी आहे, आणि म्हणूनच मला ती जास्त कुतूहलाची वाटते.

बेटमन यांचा जन्म १८६३ साली न्यूरेंबर्गमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. वडील बव्हेरियातल्या एका श्रीमंत जमीनदाराच्या इस्टेटीचा कारभार पाहत. घरची स्थिती बरी, शिक्षण उत्तम, दोन-तीन भाषा चांगल्या अवगत. विशी ओलांडली आणि हा तरुण लंडनला आला. पहिली नोकरी मिळाली केली अँड कंपनीत. ही कंपनी व्यापाऱ्यांच्या नावपत्त्यांच्या जाडजूड डिरेक्टऱ्या छापायची. बेटमन यांच्याकडे परदेशी पत्त्यांचं काम आलं : कोणत्या शहरात कोण काय विकतो, कोण काय बनवतो. काम कंटाळवाणं, नोकरीही थोडे महिनेच टिकली. पण पुढे आयुष्यभर ज्याला देशोदेशी माल विकायचा होता, त्याला याहून चांगली शाळा कोणती मिळाली असती?

त्यानंतर ते अमेरिकेतल्या व्हाइट शिलाई यंत्र कंपनीचे युरोपातले प्रतिनिधी झाले. ती नोकरी सुटल्यावर १८८५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्वतःची आयात-निर्यातीची पेढी टाकली. जर्मनीतून शिलाई यंत्रं आणायची आणि इंग्लंडातून सायकली बाहेर पाठवायच्या, असा दुहेरी धंदा. सायकली बर्मिंगहॅमचे विल्यम अँड्र्यूज बनवून देत. बेटमन यांनी त्यांवर आधी स्वतःचं आडनाव लावून पाहिलं. वर्षभरात ते काढून टाकलं आणि १८८६ मध्ये नवं नाव घेतलं : ट्रायम्फ. लंडन, पॅरिस, बर्लिन, कुठल्याही गिऱ्हाईकाला न समजावता कळेल असं नाव त्यांना हवं होतं. म्हणजे कारखाना नव्हता, एक खिळाही ठोकलेला नव्हता, तेव्हापासून ट्रायम्फ हे नाव आहे. मोटरसायकल यायला अजून सोळा वर्षं होती.

शिलाई यंत्र आणि सायकल यांची जोडी आज विचित्र वाटेल. तेव्हा ती अगदी स्वाभाविक होती. दोन्हींना बारीक, अचूक, एकमेकांच्या जागी बसतील असे सुटे भाग लागतात. दोन्ही वस्तू एजंटामार्फत गावोगाव विकल्या जात. कॉव्हेंट्री हे शहरच या वळणाने वर आलं होतं. तिथले जुने धंदे रेशमी फिती विणण्याचे आणि घड्याळांचे. ते मंदावले तेव्हा कुशल हात मोकळे पडले. कॉव्हेंट्रीच्या शिलाई यंत्रांच्या कारखान्याने १८६८-६९ च्या सुमारास सायकली करायला घेतल्या आणि वीस वर्षांत शहर सायकलींची राजधानी बनलं. बेटमन तिथे आले ते याच कारणाने. १८८८ मध्ये मच पार्क स्ट्रीटवर जागा घेतली आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या कारखान्यातली पहिली सायकल बाहेर पडली.

तोवर त्यांना भागीदार मिळाला होता. मॉरिट्झ शुल्टे. हाही न्यूरेंबर्गचाच, पण डोकं यंत्राचं. बेटमन यांनी बाजार बघायचा, शुल्टेने कारखाना, अशी वाटणी ठरली आणि ती जवळजवळ तीस वर्षं टिकली. मोटरसायकल करावी हा ध्यासही मुळात शुल्टेचा. १८९० च्या दशकात म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची मोटरसायकल बाजारात आली तेव्हा ती परवान्यावर बनवता येईल का, याचा त्याने खटपटीने तपास केला. सौदा जमला नाही. बरंच झालं म्हणायचं, कारण ती गाडी बनवणारी मूळ कंपनी थोड्याच वर्षांत बुडाली. मधल्या काळात ट्रायम्फमध्ये डनलॉप टायरवाल्यांचं भांडवल आलं आणि १८९६ मध्ये बेटमन यांनी जन्मगावी, न्यूरेंबर्गला, दुसरा कारखाना काढला. या दुसऱ्या कारखान्याला पुढे वेगळंच नशीब मिळालं. त्याकडे नंतर येऊ.

१९०२ मध्ये पहिली ट्रायम्फ मोटरसायकल निघाली. तुमच्या पुतण्याला सांगा, तिचं इंजिन ट्रायम्फचं नव्हतंच. ते बेल्जियमच्या मिनर्व्हा कंपनीचं होतं. सव्वादोन अश्वशक्तीचं ते इंजिन सायकलच्या मजबूत केलेल्या सांगाड्याच्या पुढच्या नळीला अडकवलं होतं. आतला झडपांचा प्रकारही बाळबोध : पेट्रोलची वाफ आत घेणारी झडप दट्ट्याच्या ओढीनेच उघडायची, तिला वेगळी यंत्रणा नव्हती. इंजिनाची ताकद मागच्या चाकाला जायची ती पट्ट्याने. पावसात पट्टा निसटायचा, चढावर पाय मारावे लागायचे, म्हणून सायकलची पॅडल तशीच ठेवलेली.

दुसऱ्याचं इंजिन विकत घेऊन आपल्या नावाची गाडी विकणं आज कोणाला कमीपणाचं वाटेल. मला त्यात बेटमन यांचा पेढीवरचा हिशेबीपणा दिसतो. नवं इंजिन घडवताना जे पैसे आणि जी अब्रू जाते, ती मिनर्व्हावाल्यांची आधीच जाऊन झाली होती. ट्रायम्फपाशी होतं ते वेगळं : पंधरा वर्षांत जोडलेले दुकानदार आणि माल वेळेवर, सांगितला तसा येतो हा त्यांचा भरवसा. पहिली दोन-तीन वर्षं बेटमन आणि शुल्टे दुसऱ्यांची इंजिनं लावून गिऱ्हाईक कुठे कुरकुरतं ते बघत राहिले. मग १९०५ मध्ये पूर्णपणे स्वतःची, तीन अश्वशक्तीची गाडी काढली. १९०७ ला वर्षाला हजार गाड्या, १९०९ ला तीन हजार. ही वाढ कुणा एका हुशार इंजिनाने आणली असं म्हणता येत नाही.

त्या काळच्या गाड्यांत एक मोठी पंचाईत होती. इंजिन आणि मागचं चाक पट्ट्याने थेट जोडलेलं असायचं, क्लच नसायचा. थांबायचं म्हणजे इंजिन बंद करायचं. निघायचं म्हणजे पॅडल मारायची किंवा गाडी ढकलत धावायचं आणि इंजिन पकडलं की उडी मारून बसायचं. एखादा जाडजूड गृहस्थ कोट-टोपीत हे करताना कसा दिसत असेल ते डोळ्यांपुढे आणून बघा. ट्रायम्फने १९१० च्या सुमारास मागच्या चाकाच्या तुंब्यातच क्लच बसवला. चाक थांबलं तरी इंजिन फिरतं राहू लागलं, आणि मोटरसायकल पहिलवानांकडून पाद्री-डॉक्टरांकडे जायला मोकळी झाली.

शर्यतीचं महत्त्वही पेढीवरच्या माणसाला लवकर कळलं. आयल ऑफ मॅन बेटावरची पहिली टीटी शर्यत १९०७ ची. एक सिलिंडरच्या गटात मॅचलेस गाडीवरचा चार्ली कॉलियर पहिला आला आणि ट्रायम्फवरचा जॅक मार्शल दुसरा. कॉलियर चढावर पॅडल मारून जिंकला, अशी कुरबुर झाली. पुढच्या वर्षी पॅडलवर बंदी आली आणि मार्शल पहिला आला. जाहिरातीला याहून चांगला मजकूर कोणता?

आता बेटमन नुसते कारखानदार उरले नव्हते. कॉव्हेंट्रीच्याच स्टँडर्ड मोटर कंपनीचे ते अध्यक्ष झाले, शहराच्या राजकारणात उतरले आणि नोव्हेंबर १९१३ मध्ये कॉव्हेंट्रीचे महापौर झाले. परदेशात जन्मलेला, ज्यू घरातला माणूस इंग्लंडातल्या एका जुन्या शहराच्या महापौराची सोन्याची साखळी गळ्यात घालतो, ही साधी गोष्ट नव्हती. दहा महिनेही झाले नाहीत तोच ऑगस्ट १९१४ मध्ये इंग्लंड आणि जर्मनी यांचं युद्ध जुंपलं.

इथून पुढचं मला कितीदा वाचलं तरी पचत नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा फ्रान्समधल्या सैन्याला निरोप्यांसाठी मोटरसायकली तातडीने हव्या होत्या. टेलिफोन आणि तारा तुटायच्या. मग हुकूम पोहोचवायला चिखलातून सुसाट जाणारा मोटरसायकलस्वार हाच आधार. लष्करी खात्यातले कॅप्टन क्लॉड होलब्रुक यांनी बेटमन यांना शनिवारी फोन केला, शंभर गाड्या हव्यात, लगेच, आणि रविवार संपायच्या आत त्या पेट्यांत भरून रवाना झाल्या, असं सांगतात. १९१५ मध्ये ट्रायम्फचं मॉडेल एच आलं : साडेपाचशे सीसी, तीन गिअर, पॅडल कायमची गेलेली. सैनिकांनी तिला ‘ट्रस्टी’ म्हणायला सुरुवात केली. युद्ध संपेपर्यंत दोस्त सैन्यांना तीस हजार गाड्या पुरवल्या गेल्या.

आणि या गाड्या पुरवणाऱ्या माणसाचं काय झालं? महापौरपद पहिल्या वर्षाबरोबरच संपलं, स्टँडर्डचं अध्यक्षपद सोडावं लागलं. गुन्हा एकच, न्यूरेंबर्गचा जन्म. नागरिकत्वाचा कागद होता, शहरात पंचवीस वर्षं काढलेली होती, हजारोंच्या पोटाला काम दिलं होतं, पण लढाईच्या हवेत नाव आणि उच्चार आधी ऐकू येतात. त्यांनी कंपनी मात्र सोडली नाही. ज्या सरकारच्या लोकांना त्यांच्याविषयी संशय, त्याच सरकारच्या ऑर्डरी ते पुऱ्या करत राहिले. युद्धानंतर त्यांनी पत्नी अ‍ॅनीच्या नावाने एक निधी सुरू केला. कॉव्हेंट्रीतल्या तरुणांना स्वतःचा धंदा उभा करायला त्यातून मदत मिळू लागली. बेटमन यांना मूल नव्हतं.

युद्धानंतरचा काळ थोडक्यात सांगतो, कारण त्यात कटकटीच जास्त आहेत. शुल्टेला सायकली बंद करून मोटारगाड्या करायच्या होत्या, बेटमन यांना ते मान्य नव्हतं. १९१९ मध्ये शुल्टे पंधरा हजार पौंड घेऊन बाहेर पडला आणि त्याच्या जागी आले तेच, शनिवारी फोन करणारे होलब्रुक. गंमत बघा, चारच वर्षांत ट्रायम्फने मोटारगाडी काढली! जुना भागीदार ज्यासाठी गेला तेच नव्या कारभाऱ्याने करून घेतलं. मोटरसायकलींत त्या दशकातली सांगण्यासारखी गाडी म्हणजे मॉडेल पी, जवळपास पाचशे सीसीची आणि ४३ पौंडांहूनही थोडी स्वस्त. पहिल्या गाड्यांचे ब्रेक नावालाच होते, तरी लोकांच्या उड्या पडल्या, कारण पगारदार माणसाला परवडेल अशी मोठी मोटरसायकल मिळत होती. किंमत कुठे ठेवायची हे बेटमन यांना नेमकं कळायचं, हे कबूल करायला हवं.

मग १९२९ ची मंदी आली. न्यूरेंबर्गची शाखा विकावी लागली, सायकलींचा धंदाही गेला. १९३३ मध्ये सत्तरीतल्या बेटमन यांच्याकडून रोजचा कारभार गेला. मोटारींच्या नादात कंपनीने १९३६ मध्ये मोटरसायकली अजिबात नकोत असं ठरवलं. तेव्हा एरियल कंपनीचे मालक जॅक सँगस्टर यांनी तो भाग विकत घेतला आणि अध्यक्षपदावर कोणाला बसवलं? बेटमन यांनाच. दुकानदार आणि पुरवठादार यांना ओळखीचा चेहरा दिसावा, हा त्यामागचा विचार असावा असं मला वाटतं. खरा कारभार एडवर्ड टर्नर या आरेखकाकडे होता. त्याची १९३७ ची दोन सिलिंडरांची स्पीड ट्विन हीच पुढच्या तीसेक वर्षांच्या इंग्रजी मोटरसायकलींची आजी.

आता न्यूरेंबर्गचा धागा. १९३५ मध्ये ज्यूंचं नागरिकत्व हिरावून घेणारे कायदे नाझींनी जाहीर केले ते न्यूरेंबर्गमध्ये, आणि ते त्याच शहराच्या नावाने ओळखले जातात. बेटमन यांनी तिथे काढलेला कारखाना तोवर पूर्ण जर्मन झाला होता. त्याच्या गाड्यांवर टीडब्ल्यूएन, म्हणजे ‘ट्रायम्फ वेर्के न्यूरेंबर्ग’ अशी खूण असायची. दुसऱ्या महायुद्धात त्याने जर्मन सैन्याला मोटरसायकली पुरवल्या, आणि कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फने ब्रिटिश सैन्याला. एका माणसाच्या एका पेढीतून निघालेल्या दोन कंपन्या, दोन्ही बाजूंना. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री जाळली, तीत ट्रायम्फचा प्रायरी स्ट्रीटवरचा कारखाना बेचिराख झाला. जानेवारी १९४५ मध्ये ब्रिटिश विमानांनी न्यूरेंबर्गचं जुनं शहर असंच संपवलं. बेटमन दोन्ही बातम्या ऐकायला जिवंत होते. त्यांचं निधन सप्टेंबर १९५१ मध्ये कॉव्हेंट्रीत झालं. त्याच वर्षी सँगस्टर यांनी ट्रायम्फ पंचवीस लाख पौंडांना बीएसए कंपनीला विकली.

त्यानंतर जपानी स्पर्धा, संप, कामगारांनी चालवलेली सहकारी संस्था, आणि १९८३ मध्ये दिवाळं. तेव्हा हे नाव कोणी घेतलं असेल? गिलाव्याची कामं करत वर आलेला जॉन ब्लूर नावाचा बिल्डर! तोही मोटरसायकलवाला नव्हे. सात वर्षं तो गाजावाजा न करता कारखाना आणि इंजिनं तयार करत राहिला आणि नव्या ट्रायम्फ १९९० मध्ये लोकांपुढे आणल्या, त्या जर्मनीत, कलोनच्या प्रदर्शनात. नवा कारखाना हिंकली गावचा, कॉव्हेंट्रीपासून फार लांब नाही. बजाजशी २०२० मध्ये करार झाला आणि २०२३ च्या जुलैत चाकणची स्पीड ४०० बाजारात आली. आखणी हिंकलीची, बांधणी तुमच्या पुतण्याच्या सहकाऱ्यांची. बर्मिंगहॅमच्या अँड्र्यूजकडून सायकली करून घेणाऱ्या माणसाला या व्यवस्थेत नवल वाटलं नसतं.

*

प्रश्न : माझ्या सासऱ्यांकडे ट्रायम्फ नावाचा जुना जर्मन टाइपरायटर आहे. त्याचा मोटरसायकलशी काही संबंध?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सख्खा संबंध. वर सांगितलेल्या न्यूरेंबर्गच्या कारखान्याचाच तो. शिलाई यंत्र आणि सायकल यांच्याबाबत जे लिहिलं तेच इथे : बारीक सुट्या भागांची जुळणी येणाऱ्याला टाइपरायटर अवघड नाही. पहिल्या महायुद्धाआधीच तिथे टाइपरायटर बनू लागले होते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मोटरसायकलींपेक्षा तेच जास्त टिकले. तिथल्या मोटरसायकली १९५७ च्या सुमारास बंद पडल्या. टाइपरायटरचा धंदा पुढे अ‍ॅडलर कंपनीशी जोडला गेला आणि ट्रायम्फ-अ‍ॅडलर हे नाव कचेऱ्यांमध्ये पुढेही बरीच वर्षं दिसत राहिलं. फीत मिळत असेल तर वापरा.

*

प्रश्न : वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड होती. इंग्रजी पुस्तकात तीच गाडी ट्रायम्फ हेराल्ड म्हणून दिसली. छापताना चूक झाली असावी का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : चूक नाही. बेटमन ज्या स्टँडर्डचे अध्यक्ष होते आणि १९१४ मध्ये जिच्यातून त्यांना बाहेर पडावं लागलं, तिनेच १९४४ मध्ये ट्रायम्फची बुडालेली मोटार कंपनी विकत घेतली. (मोटरसायकलवाली ट्रायम्फ तेव्हा केव्हाच वेगळी झाली होती.) १९५९ ची हेराल्ड इंग्लंडात ट्रायम्फ नावाने निघाली, आखणी इटलीच्या मिकेलोत्ती यांची. भारतात ती बनवणाऱ्या मद्रासच्या कारखान्याचं नाव स्टँडर्ड, म्हणून १९६१ पासून इथे तीच गाडी स्टँडर्ड हेराल्ड झाली. पुढच्या मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढे उलटून उघडतं का बघा. उघडत असेल तर पुस्तकातली आणि वडिलांची गाडी एकच.